कीबोर्डची हजेरी



वसंतातल्या व्याख्यानांना माणसे उन्हे उतरल्यावर येतात ती चार शहाणपणाच्या गोष्टी कानी पडाव्यात म्हणून. अशा व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलले जाते, इतिहासावर बोलले जाते. तेथे 'संगणकाला जोडलेला कीबोर्ड आणि माऊस ओळखला जात नाही, तेव्हा काय करावे' असा विषय घेऊन कामगार संघटनेतला एक माणूस उभा राहतो, हे पाहून काही श्रोत्यांना हसू आले असेल. त्यांनी खुशाल हसावे. हसून झाल्यावर एवढाच विचार करावा, की आपल्यापैकी किती जणांचे काम गेल्या वर्षभरात 'मशीन बंद आहे, उद्या या' या वाक्याने अडले होते.

सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवणे, मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, हे सगळे आज शे-सव्वाशे कळांच्या एका पाटीतून आणि मुठीत मावणाऱ्या एका माऊसमधून पुढे सरकते. घेवड्याची काढणी सोडून शेतकरी तालुक्याला येतो. शेतमजूर बाई दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभी राहते. खिडकीच्या आत बसलेला ऑपरेटर कळा बडवतो, पडद्यावर काही उमटत नाही, आणि रांग परत फिरते. बाहेरची माणसे ऑपरेटरला बोल लावतात. आतला साहेबही ऑपरेटरलाच बोल लावतो. म्हणजे एक वायर रुसली, तर तिचा दंड दोन गरिबांना होतो: एक खिडकीबाहेरचा आणि एक खिडकीच्या आतला. म्हणून हा प्रश्न मला कामगारांचा वाटतो. पुस्तकात ज्याला कळफलक म्हणतात त्याला मी कीबोर्डच म्हणणार आहे, कारण बाजारात त्याला त्याच नावाने हाक मारतात.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण यंत्र कोठून आले हे कळले की त्याची भीती निम्मी होते. कीबोर्डचा आजा म्हणजे टाइपरायटर. अमेरिकेत शोल्स नावाच्या गृहस्थाने आपल्या साथीदारांसह त्याचे पेटंट १८६८ साली घेतले आणि पुढे पाच-सहा वर्षांत रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर काढला. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसणारे टंकलेखक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. त्या यंत्रात कळ आणि अक्षर यांच्यामध्ये लोखंडी दांडा होता. कळ दाबली की दांडा उठणार आणि कागदावर आपटणार. अडले तर कोठे अडले ते डोळ्यांना दिसत असे. माऊस त्या मानाने लहान वयाचा. डग्लस एंगेलबार्ट यांनी तो ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भर सभेत चालवून दाखवला. पहिला नमुना लाकडी खोक्याचा होता आणि त्याला खाली दोन चाके होती.

आता कळ आणि अक्षर यांच्यामधला तो लोखंडी दांडा गेला आहे. त्या जागी कळ काय दाबली याचा निरोप जातो. दांडा तुटतो तो दिसतो, निरोप हरवतो तो दिसत नाही. आपल्या अडचणीचे मूळ येथे आहे.

पूर्वी प्रत्येक उपकरणाचे भोक वेगळे असे. कीबोर्डला गोल, माऊसला दुसरे, प्रिंटरला पंचवीस पिनांचे लांबट. ही गर्दी मोडण्यासाठी १९९४ साली सात कंपन्या एकत्र आल्या. त्यांत इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आय.बी.एम. अशी एकमेकांशी स्पर्धा करणारी नावे होती. त्यांच्या मेहनतीतून १९९६ साली यूएसबी ही जोडणी जाहीर झाली. या कामात पुढाकार घेणारे इंटेलमधले अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. गिऱ्हाइकासाठी भांडणाऱ्या सात कंपन्यांना एका भोकावर एकमत करावे लागले, ही गोष्ट संघटनेच्या माणसाला आवडणारच. पण सुरुवातीला ही जोडणीही रुसत असे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालले होते. त्यांच्या सहकाऱ्याने यूएसबीवर स्कॅनर जोडला, आणि हजारो लोकांदेखत पडदा निळा पडून यंत्र थांबले. मालकाच्या समोर, मालकाच्या यंत्रावर, मालकाच्या तज्ज्ञाच्या हातून हे घडते. मग आपल्या तालुक्यातल्या पोरीच्या हातून घडले तर तिला एकदम अडाणी का ठरवायचे?

आता मुख्य मुद्दा. 'संगणक कीबोर्ड ओळखत नाही' असे आपण म्हणतो. ओळखणे म्हणजे काय? हे समजावण्यासाठी मी कारखान्याच्या गेटाचा दाखला देतो, कारण त्या गेटावर माझे आयुष्य गेले आहे.

कामगार गेटाशी येतो. वॉचमनला दिसते, की कोणीतरी आले. त्याला आत घेऊन तिकीट नंबर देतात. मग टाइमकीपर विचारतो: नाव काय, गाव कोणते, काम कोणते येते? उत्तर मिळाले की त्याला त्याच्या खात्याच्या मुकादमाकडे पाठवतात. मुकादमाने हजेरीवर घेतले, म्हणजे काम सुरू. यूएसबीचे नेमके असेच आहे. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन तारा विजेच्या, पाच व्होल्टच्या. दोन तारा निरोपाच्या. कीबोर्ड खोचला की वीज त्याला मिळते, आणि कीबोर्डातला दीड हजार ओहमचा एक रोधक निरोपाच्या दोन तारांपैकी एकीवरचा दाब वर ओढतो. दाब वर गेला, की संगणकाला कळते, गेटावर कोणी आले आहे. मग संगणक त्याला एक ते एकशे सत्तावीस यांपैकी एक नंबर देतो. पुढे विचारतो: तुझा बनवणारा कोण, तुझा नमुना कोणता, तू कोणत्या जातीचे उपकरण? कीबोर्ड आपली ओळख सांगतो. मग यंत्रातला जो मुकादम कीबोर्ड-माऊसचे खाते सांभाळतो, त्याच्याकडे त्याला नेमतात. या मुकादमाला इंग्रजी मंडळी 'ड्रायव्हर' म्हणतात. साध्या कीबोर्ड-माऊससाठी हा मुकादम विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासूनच हजर असतो, त्यासाठी वेगळी तबकडी लागत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. कीबोर्ड आपण होऊन कधीच बोलत नाही. संगणक दर आठ-दहा मिलीसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, त्याला विचारतो, 'काही सांगायचे आहे का?' विचारले तरच तो सांगतो. तेव्हा विचारणाराच झोपला, तर सांगणारा कितीही धडधाकट असून उपयोग नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हजेरीचा हा क्रम समजला, की दोष शोधणे सोपे होते. कारण मग प्रश्न एवढाच उरतो: हा गडी नेमका कोठे अडला? गेटाबाहेर, टाइमकीपरच्या टेबलाशी, की खात्यात जाऊन?

ते ओळखण्याच्या खुणा आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. माऊस उलटा करून पाहा. बहुतेक माऊसांना खाली लाल उजेड असतो. तो दिसला म्हणजे वीज पोचली, एवढेच सिद्ध होते. शिधा मिळाला, हजेरी लागली असे नव्हे. काही माऊसांचा उजेड डोळ्यांना न दिसणारा असतो, म्हणून तो नसला तर लगेच माऊस मेला असे म्हणू नये. कीबोर्डची खूण याहून मोलाची आहे. 'कॅप्स लॉक'ची कळ दाबा आणि तिचा दिवा पाहा. पुष्कळांना वाटते, कळ दाबली की कीबोर्डच दिवा लावतो. तसे नाही. कळ दाबल्याचा निरोप संगणकाकडे जातो आणि संगणक उलट निरोप पाठवतो, की दिवा लाव. म्हणजे तो दिवा ही पोचपावती आहे. तो लागतो आणि विझतो, याचा अर्थ कीबोर्ड ठीक, वायर ठीक, भोक ठीक आणि मुकादमही जागेवर. तरी अक्षर उमटत नसेल, तर दोष पुढे आहे, आणि नवा कीबोर्ड विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. काही बिनतारी कीबोर्डांना हा दिवाच नसतो, तेवढा अपवाद सोडा.

दिवा लागत नसेल, तर मागे मागे जायचे. आपल्या भागातल्या माणसाला ही रीत नवी नाही. कोरेगाव तालुक्यातच सातारा रोडला कूपरचा कारखाना उभा राहिला, तिकडे किर्लोस्करवाडी. नांगर आणि ऑइल इंजिने या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहेत. विहिरीवरचे इंजिन सुरू झाले नाही, तर जाणता शेतकरी सगळे इंजिन खोलत बसत नाही. टाकीत डिझेल आहे का, नळीत हवा धरली आहे का, नोझल फवारा मारतो का, दाब धरतो का, असे एकेक पाहत जातो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुरू झाले, तर कशाने सुरू झाले ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारच. कीबोर्डलाही हाच नियम लावा.

पहिली पायरी: वायर काढून नीट पुन्हा खोचा. हसू नका, अर्धी प्रकरणे येथेच मिटतात. दुसरी पायरी: भोक बदला. खोक्याच्या पुढच्या बाजूची भोके आतल्या एका लहान वायरीने मुख्य पाटीला जोडलेली असतात, ती वायर सैल होते. मागची भोके मुख्य पाटीवरच बसवलेली असतात. म्हणून मागे जोडून पाहा. तिसरी पायरी: मध्ये हब असेल, म्हणजे एका भोकाची चार भोके करणारी डबी, तर ती काढा. एका साध्या भोकातून पाचशे मिलिअँपियर वीज मिळते. त्याच डबीवर अंगठ्याचे यंत्र, कॅमेरा आणि स्कॅनर लावले, तर चार भावांत एक भाकरी वाटल्यासारखे होते. चौथी पायरी म्हणजे अदलाबदल. हा कीबोर्ड शेजारच्या संगणकाला लावा आणि शेजारचा चालू कीबोर्ड इथे लावा. आपला तिथे चालला आणि त्यांचा इथे अडला, तर दोष संगणकाकडे. उलट झाले, तर दोष कीबोर्डकडे. साक्षीदार दोन, निकाल स्वच्छ.

पाचवी पायरी: यंत्र सुरू होताना, विंडोज उघडण्याआधी, काही कळा दाबून बायॉस नावाचा पडदा उघडता येतो. तेथे कीबोर्ड चालला आणि विंडोजमध्ये शिरल्यावर बंद पडला, तर वायर-भोक निर्दोष. दोष विंडोजच्या घरात शोधायचा. जुन्या गोल भोकाच्या कीबोर्डबाबत एक इशारा आहे. तो चालू यंत्रात खोचू नये. यंत्र बंद करावे, खोचावे, मग सुरू करावे. त्याची हजेरी यंत्र सुरू होतानाच घेतात, उशिरा आलेल्याला सहसा आत घेत नाहीत.

आता विंडोजच्या घरात जाऊ. तेथे 'डिव्हाइस मॅनेजर' नावाचे हजेरीपुस्तक आहे. विंडोजची कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबली की जी यादी येते, तीत ते सापडते. माऊस चालत नसला तरी टॅब, बाण आणि एंटर या कळांनी सगळीकडे फिरता येते. उलट कीबोर्ड बंद आणि माऊस चालू असेल, तर पडद्यावरच कीबोर्ड उघडता येतो. प्रवेशाच्या पडद्यावर सुलभतेच्या चिन्हावर टिचकी मारली, की त्यातून पासवर्ड लिहिता येतो. म्हणजे एक हात मोडला तर दुसऱ्याने जेवता येते, एवढी सोय करून ठेवलेली आहे.

त्या हजेरीपुस्तकात तीन प्रकार दिसतात. कीबोर्डचे नावच नाही आणि खोचताना आवाजही येत नाही, म्हणजे गडी गेटाबाहेरच आहे. वायर, भोक, वीज पाहा. दुसरा प्रकार: 'अनोळखी यूएसबी उपकरण' अशी नोंद आणि बहुधा त्रेचाळीस क्रमांकाची खूण. म्हणजे गेटावर कोणी आल्याचे दिसले, पण नाव-गाव विचारल्यावर धड उत्तर आले नाही. येथे बहुधा निरोपाची तार खराब असते, वीज अपुरी असते किंवा उपकरणच बिघडलेले असते. तिसरा प्रकार: नाव बरोबर आहे, पण पिवळा त्रिकोण आहे किंवा सगळे ठीक दिसूनही काम होत नाही. म्हणजे भांडण मुकादमाशी आहे. त्या नोंदीवर जाऊन ती काढून टाकावी आणि यंत्र 'रीस्टार्ट' करावे, म्हणजे हजेरी नव्याने घेतली जाते. मात्र एकुलत्या एका कीबोर्डची नोंद काढण्यापूर्वी माऊस चालतो आहे याची खात्री करावी. 'शटडाऊन' आणि 'रीस्टार्ट' हे एकच आहेत असे समजू नका. आजकालच्या विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल, तर शटडाऊन करताना आतल्या कारभाराचे चित्र जतन करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच उघडतात. कालची गाठ आज तशीच राहते. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने मांडले जाते.

विचारणारा झोपला तर, असे मी मघाशी म्हटले. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या वाटलेल्या यूएसबी भोकांना झोपवते. काही यंत्रांत ती भोके वेळेवर जागी होत नाहीत. 'जेवणाच्या सुट्टीनंतर माऊस मेलेला असतो' ही तक्रार ऐकली, की संशय येथे घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे' अशा अर्थाची चौकट असते, तिच्यातली खूण काढावी.

काही वेळा उपकरण धडधाकट असते आणि आपणच त्याला मुके केलेले असते. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली, की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो. न वाचता होकार दिला, तर झटपट दाबलेल्या कळा यंत्र मोजतच नाही. हात थरथरणाऱ्या माणसासाठी केलेली ही चांगली सोय आहे, पण जलद टाइप करणाऱ्याला वाटते कीबोर्ड मेला. तसेच मराठीचे. दाबले एक आणि उमटले दुसरे, तर ओळखण्यात दोष नाही. भाषेची मांडणी बदललेली आहे. विंडोज कळ आणि स्पेस बार दाबून ती बदलते. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाचा हात रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला असतो, आणि सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. दोन्ही हात शहाणे आहेत, फक्त त्यांची शाळा वेगळी.

बिनतारी कीबोर्ड-माऊसबद्दल थोडे. त्यांची बॅटरी आधी बदला, मग बाकीचे बोला. त्यांच्याबरोबर येणारे नखाएवढे यंत्र ज्या भोकात खोचतात, त्या शेजारी निळ्या जिभेचे यूएसबी तीनचे भोक असेल आणि त्यात पेन ड्राइव्ह किंवा डिस्क चालू असेल, तर तिच्या गोंगाटात माऊसचा निरोप बुडू शकतो. दोघांचा आवाज एकाच पट्टीत पडतो. ते नखाएवढे यंत्र दूरच्या भोकात लावले, की पुष्कळदा काम होते. आणि एक सावधगिरी: 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले, आम्ही नवे देतो' म्हणणाऱ्या वाटेवरच्या दुकानदारांकडून काही उतरवून घेऊ नका. साध्या कीबोर्डला बाहेरून मुकादम आणावा लागत नाही, आणि अनोळखी मुकादम घरात घेतला तर तो तिजोरीही पाहतो.

आता एक अलीकडचे उदाहरण देतो, कारण ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी सुधारणा पाठवली. ती बसवलेल्या यंत्रांत विंडोज नेहमीसारखे चाले, कीबोर्ड चाले, माऊस चाले. पण यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीसाठी जो वेगळा कक्ष उघडतो, त्यात यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस ओळखलाच जाईना. दवाखाना उघडा, पण दाराला आतून कडी. ज्याला त्या घडीला मदतीची गरज, त्याच्याच हातातले हत्यार निकामी. कंपनीने दोष कबूल केला आणि २० ऑक्टोबर रोजी दुरुस्ती पाठवली. ज्यांच्याकडे जुन्या गोल भोकाचा कीबोर्ड होता, त्यांचे मात्र त्या काळातही चालले. आता विचार करा. त्या सहा दिवसांत ज्या कोणाचे यंत्र अडले असेल, त्याने किती वायरी बदलल्या असतील, किती कीबोर्ड आणले असतील, आणि वरून किती बोलणी खाल्ली असतील? दोष हजारो मैलांवर होता आणि हात जोडून उभा होता समोरचा माणूस.

यासाठी मी आज येथे उभा आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापीत. सूत कच्चे होते, साचा जुना होता की हवा कोरडी होती, हे कोणी विचारीत नसे. दोष शेवटच्या हाताचा. अशा दंडांना आणि कपातींना आवर घालण्यासाठी १९३६ साली वेतन प्रदान अधिनियम आला. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण एक तत्त्व दोन्हींत कायम आहे. मालकाची वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीहून अधिक असता कामा नये, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही.

एक प्रकरण सांगतो. एका कचेरीत ठेकेदाराकडून लागलेली एक ऑपरेटर मुलगी होती. दीड महिन्यात तीन कीबोर्ड बंद पडले, म्हणून तिसऱ्याची किंमत तिच्या पगारातून कापली. 'आपटून टाइप करते' हा ठपका. ती रडत संघटनेकडे आली. आम्ही मोर्चा नेला नाही, घोषणा दिल्या नाहीत. ते तिन्ही कीबोर्ड मागवले आणि शेजारच्या संगणकाला एकेक करून लावले. तिन्ही चालले. कॅप्स लॉकचा दिवा तिन्हींवर लागला. मग तिच्या यंत्राला मागच्या बाजूने जोडले, तेथेही चालले. पुढच्या भोकांची आतली वायर सैल होती, बाकी काही नव्हते. कापलेले पैसे परत मिळाले. रक्कम लहान होती, पण त्या मुलीची मान वर झाली ती रकमेमुळे नव्हे. तिच्यावरचा ठपका पुराव्याने धुतला गेला म्हणून.

म्हणून मी ठिकठिकाणच्या ऑपरेटरांना तीन गोष्टी सांगत असतो, आणि आज त्या तुम्हा नागरिकांनाही सांगतो. २०११ पासून 'संग्राम'च्या आणि पुढे 'आपले सरकार सेवा केंद्रा'च्या नावाने ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसू लागले. त्यांनाही याचा उपयोग आहे. पहिली गोष्ट: यंत्राशेजारी दोन रुपयांची वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसले, काय बदलले, काय झाले, हे पाच रकाने पुरेत. 'मशीन बंद' हे वाक्य त्या वहीत लिहू नका. 'पुढच्या भोकात दिवा लागत नाही, मागच्या भोकात लागतो' असे लिहा. ही वही तुमची साक्षीदार. दुसरी: प्रत्येक कचेरीत एक कीबोर्ड आणि एक माऊस जादा ठेवण्याची मागणी करा. त्यांची किंमत एका दिवसात परत फिरलेल्या रांगेच्या बुडालेल्या रोजापुढे काहीच नाही. जुना गोल भोकाचा कीबोर्ड असेल आणि यंत्राला ते भोक असेल, तर तो भंगारात घालू नका. तिसरी गोष्ट रांगेत उभ्या असलेल्यांसाठी आहे. 'उद्या या' असे उत्तर आले, तर आवाज चढवण्याऐवजी नम्रपणे विचारा, 'बाई, भोक बदलून पाहिले का? दिवा लागतो का?' विचारणारा जाणता आहे असे दिसले, की उत्तर देणाराही जाणतेपणाने वागतो, आणि वरच्या साहेबालाही हात झटकता येत नाहीत.

कोणी म्हणेल, हे तंत्रज्ञाचे काम, आम्ही कशाला शिकावे? मी म्हणतो, तंत्रज्ञाला जरूर बोलवा, त्यालाही पोट आहे. पण त्याला काय झाले हे सांगता आले पाहिजे. डॉक्टरकडे गेल्यावर पोट कोठे दुखते एवढे तरी रोग्याला सांगावेच लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच जिल्ह्यात, काल्याला. रयतेच्या पोराने हाताने काम करावे आणि डोक्यानेही करावे, या दोहोंत वैर नाही, हा त्या शिकवणीचा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला आहे. ज्या यंत्रावर आपले दाखले, आपले उतारे आणि आपला पगार अवलंबून आहे, ते कसे ऐकते आणि कोठे बहिरे होते, हे कळणे ही आता शेतकऱ्याची आणि कामगाराची अक्षरओळखच आहे.

दोष असतो, तो कोठेतरी नेमका असतो, आणि एकेक पायरी तपासली तर तो सापडतो. तो सापडेपर्यंत कोणत्याही माणसाला दोषी धरू नये. यंत्राच्या बाबतीत ही दुरुस्तीची रीत आहे, माणसाच्या बाबतीत तिलाच आपण न्याय म्हणतो.